उल्का वाणात गेली त्याबद्दलची तक्रार

ती. भाईमामा यांस,

दर्शनाचा साष्टांग नमस्कार. आठातलं एक अंग, म्हणजे उजवा हात, सध्या रागाने मुठीत आवळलेला आहे, तेव्हा सात अंगांचाच धरा. तुमचे गुडघे कसे आहेत? साखर किती आहे? (जेवणाआधीची सांगू नका, ती सगळ्यांचीच चांगली असते.) मामी बरी असेलच. मामी नेहमीच बरी असते, तिच्या आजूबाजूचे लोक आजारी पडतात.

फोन का केला नाही असं विचाराल. तर तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये तुमचे कान गेले हे मला मान्य आहे, पण त्याची शिक्षा डोंबिवलीतल्या आख्ख्या बिल्डिंगला का? मागच्या वेळी मी तुम्हाला अगदी खासगीत सांगत होते की मामीने पाठवलेला त्या चिपळूणच्या मुलाचा फोटो मी उघडलासुद्धा नाही, तर मागून मामीच बोलली, "नको उघडू. त्याने तुझा उघडला, अजून सावरलेला नाही." म्हणून हे पत्र. उद्या निलेश मुंबईला परत चाललाय, त्याच्या हातून पाठवतेय. निलेश म्हणजे आमच्या शेजारच्या सावित्रीकाकूचा मुलगा, आणि या पत्रातली मुख्य आरोपी सावित्रीकाकूच असल्यामुळे पाकीट डिंकाने न चिकटवता बाबांच्या दुकानातल्या पाइप जोडायच्या सोल्युशनने चिकटवलंय. स्क्रू ड्रायव्हरने उघडा. मामी भाजीला गेली की उघडा.

तर मामा, हे सगळं तुमच्यामुळे झालं. गणपतीत आलात तेव्हा पडवीत झोपाळ्यावर बसून तुम्ही मला काय सांगितलंत? "अगो, एकटीच दगड बघत बसतेस, लोक खुळी म्हणतील. चार माणसांना दाखव, चारचौघांत वाट, मग बघ त्यातली मजा." तुम्ही स्वतः कोणाला दाखवले होते हो दगड? मामीला. आणि मामीने काय केलंन? जन्मभर बंदराबंदरातून जमवलेले आकाशातले तुकडे, एकेक कापसात ठेवलेले, "धोंडे" म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांच्या तळाला घातलेन, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून! साडेचार अब्ज वर्षांच्या वस्तूवर तुमच्याकडे कढीपत्ता उगवलाय. त्यातून वाचला तो एकच. कासाब्लांकाच्या बंदराबाहेर एका म्हाताऱ्याकडून तुम्ही घेतलेला, मोठ्या पायरी आंब्याएवढा, काळा, हातात घेतला की हात खाली नेणारा. तो तुम्ही बनियनमध्ये गुंडाळून मला आणून दिलात आणि म्हणालात, हा तरी सांभाळ, शिमग्याला येईन तेव्हा बघेन. मामा, शिमगा आला जवळ. आणि मी तुम्हाला काय दाखवणार आहे, रिकामं बनियन?

वाटायचं तर कोणाशी, हाही एक प्रश्नच. जगात बाकी ठिकाणी उल्का जमवणाऱ्यांना वाळवंट मिळतं, बर्फ मिळतो. पांढऱ्यावर काळं पडलं की लांबून दिसतं. आपल्याकडे जांभा! सगळा सडा, म्हणजे वरचा कातळाचा माळच तांबडा, सगळ्या दगडांत लोखंड, सगळेच दगड गंजलेले, आणि त्यातल्या निम्म्यांकडे लोहचुंबकही लाडाने सरकतं. बाबांच्या हातखंब्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी काउंटरवर तुमचा दगड ठेवला होता, शेजारी चुंबक, आणि वर चिठ्ठी: 'हा अवकाशातून आला आहे. हात लावून बघा.' त्या दिवसापासून गिऱ्हाईक खिळे घ्यायला येताना खिशातून दगड काढायला लागलं. विहिरीतला दगड. कुंपणाच्या गडग्यातला दगड. एकाने तर हायवेच्या कामावरचा डांबर लागलेला खडीचा तुकडा आणला आणि मी तो उल्का नाही म्हटल्यावर माझ्याशी भांडला, की तुमचा तेवढा आकाशातला आणि आमचा काय गटारातला? बाबांनी शेवटी चिठ्ठी काढली. म्हणाले, "दुकान चालवायचं की गारगोट्यांचा दवाखाना?" एवढ्यावर मी शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण तुम्ही झोपाळ्यावर बसून सांगितलं होतंत ना, चारचौघांत वाट!

म्हणून मी आईला म्हटलं, तुझ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाडीतल्या सगळ्या बायका येतात, त्यांना मी उल्कांवर जरा माहिती सांगते. आई म्हणाली, सांग, पण तिळगूळ वाटून झाल्यावर, आणि पाच मिनिटांत, आणि 'स्फोट' हा शब्द सवाष्णींसमोर काढायचा नाही. (विश्वाची उत्पत्ती स्फोट न काढता सांगून बघा कधीतरी.) मी आठवडाभर तयारी केली मामा. खरी उल्का आणि खोटी उल्का ओळखता यावी म्हणून खास जोड्या जमवल्या: सड्यावरचा जांभ्याचा गोटा, वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरचा काळा गुळगुळीत दगड, लोहाराच्या भट्टीतला मळ, नदीतले दोन-चार गोटे. पितळी ताटात खण अंथरला, त्यावर सगळे दगड गोलाकार मांडले आणि मध्ये तुमचा. इतकं सुंदर दिसत होतं ते ताट की मीच फोटो काढला. तो फोटो आता पुरावा म्हणून उपयोगी पडतोय.

आता यातली चूक बघा. चूक माझी नाही, पण बघा. हळदीकुंकवाला बाई आली की रांगेने काय काय होतं? हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, फूल, तिळगूळ, आणि शेवटी वाण. आईने यंदा वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या, त्या खोक्यात, आतल्या खोलीत. माझं ताट बाहेर, तिळगुळाच्या डब्याच्या शेजारी. लाइट गेली. मी आत चुंबक आणायला गेले, आई मेणबत्ती शोधायला गेली. आम्ही बाहेर आलो तर बायका ओट्या सावरत, हसत, एकमेकींना दाखवत होत्या, आणि ताटात नुसता खण. प्रत्येकीने एकेक दगड वाण म्हणून उचलला होता! आणि नाराज कोणी नाही हो. दारातून जाताना एकजण आईला म्हणाली, "वयनी, दरवर्षी मेली ती प्लास्टिकची डबी. यंदा कायतरी येगळा दिलंस." दुसरी म्हणाली की टिकाऊ आहे. आई हात जोडून उभी. आणि ज्या बायका जरा उशिरा आल्या त्यांना गाळण्या मिळाल्या, तर त्या रुसल्या, की आम्हाला का नाही दगड?

मी ओरडणार होते. आईने माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. वाण परत मागत नाहीत. एवढं एकच वाक्य ती रात्री जेवेपर्यंत बोलत होती. मी म्हटलं, आई, ते वाण नव्हतं, तो अशनी होता, मामाचा शेवटचा अशनी, सूर्यमाला जमत होती तेव्हापासूनचा. आई म्हणाली, असेल, पण आता तो सवाष्णीच्या ओटीत गेला. म्हणजे बघा मामा, पृथ्वीचं वातावरण भेदून आला, सहारात कोण जाणे किती वर्षं पडून राहिला, तुमच्या बोटीतून समुद्र ओलांडून आला, डोंबिवलीत मामीच्या तडाख्यातून सुटला, आणि शेवटी आमच्या आईच्या पुढच्या खोलीत, दहा पावलांच्या अंतरात, संस्कृतीने गिळला.

मागायचं नाही म्हटल्यावर शोधायचं तरी? मग मी घरोघर चहा प्यायला जायला लागले. (मला चहाने पित्त होतं, हे तुम्हाला माहीत आहे.) दगडांचं काय झालंय ते ऐका. जांभ्याचा गोटा एकीच्या मागच्या दाराला अडसर. भट्टीतला मळ एकीने तुळशीत ठेवलाय, त्याला रोज फूल वाहते, मी सांगितलं तो लोहाराच्या राखेतला आहे, तर माझ्याकडे असं बघितलं की मीच लोहाराच्या राखेतून आले. वेळणेश्वरचा काळा दगड नणंदेला पुढे वाण म्हणून दिलाय, तो आता गुहागरला आहे, समुद्राजवळ परत पोचला, निदान त्याचं तरी कल्याण झालं. आणि तुमचा? तुमचा सावित्रीकाकूकडे. ताटातला सगळ्यात जड दगड कोणता हे तिला हात लावताच कळलं. भाजीवालीकडून कलिंगड घेतानाही ती असंच करते.

काकूने तो आवळ्यांच्या बरणीत घातला होता. मिठाच्या पाण्यात! आवळे वर तरंगू नयेत म्हणून दाब! मामा, तुम्ही मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंत? त्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नको, आत लोखंडाचे कण आहेत, मीठ तर त्याचं विष. मी त्याला थेंबभरसुद्धा घाम लागू नये म्हणून हातमोजे घालते, मैत्रिणीच्या लग्नात मेंदीच्या हाताने शिवले नाही, आणि इथे तो गळ्यापर्यंत खारात बसलेला. मी किंचाळले. त्यावर काकू माझ्याहून जोरात किंचाळली. कारण, आणि हा कळस आहे, आवळे काळे पडले होते. साधे काळे नाहीत, शाईसारखे. आवळ्याचा तुरटपणा आणि दगडातलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो, हे मी बी.एस्सी.ला शिकलेय, पण काकूला कसं सांगणार? ती कमरेवर हात ठेवून उभी. "तुज्या धोंड्यान माजे आवळे नासवलान गो! आकाशातना आला म्हनं! आकाशात असलीच घाण असतंय काय?"

मी म्हटलं, काकू, चुकलं, दगड परत दे, मी तुला दुप्पट आवळे आणून देते. झालं असतं हो तेव्हाच. पण काकू ते काळं पाणी ओतायला गेली, आणि ओतता ओतता हात कपाळावरून फिरवलान. पुढची पांढरी बट काळी! मोरीवरच्या आरशात बघितलं, परत हात फिरवला. मग दुसऱ्या बाजूने. मी तिथेच उभी होते मामा, मी बघितलं, माणसाच्या चेहऱ्यावरचा राग कसा जातो आणि त्या जागी मालकी कशी येते. दुसऱ्या दिवशी काकू नळावर अशी आली की तिचाच नवरा आधी ओळखेना. आता तुमचा दगड एका टोपात, ताज्या आवळ्यांच्या पाण्यात, झाकण घालून ठेवलेला आहे. वाडीतल्या बायका वाट्या घेऊन येतात. ज्यांनी माझं पाच मिनिटं ऐकलं नाही त्या आता मला रस्त्यात अडवून विचारतात की तुझ्याकडे अजून पडलेत काय गो आकाशातले? होय, पडलेत, माझ्या डोक्यात पडलेत!

परत मागितला तर काकूचं म्हणणं असं. वाण परत मागत नाहीत आणि वाण परत देतही नाहीत, घरची लक्ष्मी जाते. पण ती काही दुष्ट बाई नाही (हे मी नाइलाजाने लिहितेय). तिने मार्ग काढला. रथसप्तमीला ती स्वतः हळदीकुंकू करणार आहे, तेव्हा तो दगड वाण म्हणून पुढे देता येतो. मग दे ना मला, मी म्हटलं. तर म्हणते, तुला कसा देऊ, तू सवाष्ण नाहीस. कुमारिकेला आमच्यात नुसता तिळगूळ. "लगीन कर. पैल्या हळदीकुकवाला तुजा धोंडा तुज्या ओटीत घालतंय, वर नारळ." मामा, मी तिच्या अंगणातल्या सुपाला लाथ मारली. सुपात आवळे होते. ते मला नंतर वेचावे लागले, ती वर बसून कुठला राहिला ते दाखवत होती. सूर्यमालेतली सगळ्यात जुनी वस्तू मिळवायला या वाडीत मंगळसूत्र लागतं! चुंबक चालत नाही, पदवी चालत नाही, मंगळसूत्र! आणि मामी तिकडून चिपळूणचे फोटो पाठवतेय, दोघींनी मिळून कट केलाय की काय असं मला वाटायला लागलंय. मी काकूला सांगितलं, तुम्ही मामीला सांगा, साऱ्या वाडीला कळू दे: एका दगडासाठी लग्न करणारी ही मुलगी नव्हे.

एकच गोष्ट सांगते, आणि तीही रागानेच सांगते. हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या घरातल्या सोनूबाई आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या पुढच्या खोलीत येत नाहीत, कोणी या म्हणत नाही आणि त्याही विचारत नाहीत. मी आईशी त्यावरूनही भांडले होते. ताट बाहेर नेण्याआधी मी दगड पहिल्यांदा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पदराने पुसला, मांडीवर ठेवला. मग विचारलंन, "ह्यो वरना पडला तवा खाली कोनाला लागला तर नाय ना?" मामा, इतक्या दिवसांत एवढ्या लोकांनी मला त्या दगडाबद्दल विचारलं, त्यातला हा एकच प्रश्न मला आवडला. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला वाण मिळत नाही, आणि आवळे घालणाऱ्या बाईला मिळतं. यावर तुमचं झोपाळ्यावरचं काय म्हणणं आहे?

तर यापुढे मी हा छंद कोणालाही दाखवणार नाही, वाटणार नाही, तुमच्या शब्दांवर विश्वास ठेवणार नाही. शिमग्याला या, पालखी बघा, पुरणपोळी खा, दगडाचं नाव काढू नका. मामीला माझा नमस्कार सांगू नका.

तुमची संतापलेली भाची,
दर्शना

ता.क. १. (हा भाग मामीसमोर मोठ्याने वाचा. खाकरून वाचा.) प्रिय मामीस साष्टांग नमस्कार, पूर्ण आठ अंगांचा. मामी, तुझी सारखी आठवण येते. तू इतक्या वर्षांत रथसप्तमीला कधी इकडे आली नाहीस, हे आम्हाला सगळ्यांना फार लागलंय. आमच्या शेजारी सावित्रीकाकू हळदीकुंकू करत आहेत आणि त्यांनी तुला मुद्दाम बोलावलंय. आग्रह आहे. गाडीचं तिकीट मी काढते, बाबा हातखंब्यावरून बाइकने स्टेशनला घ्यायला येतील, खड्डे बघून चालवतील. भारी साडी नेस. वाण देतील ते नाही म्हणू नको. (आता वाचन थांबवा.) मामा, ही युक्ती सोनूबाईंची. वाडीतल्या सगळ्या सवाष्णींना त्या दगडाचं पाणी हवंय, कोणाच्याही ओटीत गेला तर गेला. आई तर तो मूळ देणारी, म्हणून तिच्याच घरात तो परत यायचा नाही. सोनूबाई म्हणाल्या, सवाष्ण पाहिजे, आपली पाहिजे, आणि तिला त्या धोंड्याची अजिबात किंमत नको. आम्ही दोघींनी एकदमच मामीचं नाव घेतलं.

ता.क. २. मामीला केस काळे होण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तिने मेंदी लावायला सुरुवात केलीये हे तुम्हीच मला सांगितलंत. दगड हातात आला की लगेच कोरड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा, पाणी शोषून निघेल. कुंड्यांपासून लांब.

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, परत स्क्रू ड्रायव्हरने फोडून लिहितेय. आत्ता चहा गाळताना (त्याच गाळणीने) लक्षात आलं. मामीच्या ओटीत गेला की तो मामीचा झाला. तिच्याकडूनही परत मागता येणार नाही. ती तो फक्त पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून देऊ शकेल, आणि तोही सवाष्णीलाच. मी आईला विचारलं, यातून दुसरी वाट नाही का? आई गालातल्या गालात हसतेय.

मामीला येताना चिपळूणवरूनच यायचंय. त्या मुलाला नुसतं विचारून ठेव म्हणावं, की दगड आवडतात का. अजून फोटो उघडलेला नाही. फक्त एवढंच विचारायचं. आणि मिठाच्या पाण्यातलं लोणचं लागतं का जेवताना, तेही.